बेल्ह्याचा बाजार आणि झेंड्यांची खरेदी-विक्री

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आळेफाटा मागे पडला की बेल्हे लागते. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग. पुढे आणे पठार, आणि त्याच्याही पलीकडे पारनेरचा कोरडा मुलूख. बेल्ह्याची ओळख बैलबाजाराने झालेली आहे. दर सोमवारी हा बाजार भरतो. दावणीला बांधलेली जोडी, रंगवलेली शिंगे, जबडा उघडून दात मोजणारा शेतकरी, विसार देणारा-घेणारा, आणि या सर्वांच्या मध्ये फिरणारा हेडी. या व्यवहारात शतकानुशतके हिंदू शेतकरी आणि मुसलमान व्यापारी एकमेकांना ओळखत आले आहेत. बैल दोन दाती आहे की जुळलेला, एवढेच तिथे विचारले जाते. घेणारा कोणत्या देवाचे नाव घेतो, याची चौकशी तिथे कोणी करत नव्हते.

राजकारणातल्या बाजाराचे मात्र तसे नाही. तिथे आधी देवाचे नाव विचारतात, आणि दात मोजण्याची वेळ आली की नजर दुसरीकडे वळवतात. गेल्या काही वर्षांत जुन्नर-आंबेगावच्या मातीत धर्माचे आणि छत्रपतींचे नाव घेणाऱ्या पक्षांनी आपसात जी झटापट केली, तिची तवारीख कोणीतरी लिहून ठेवायला हवी. आमच्या समाजात या विषयावर बोलणे होते ते चहाच्या टपरीवर, आणि तेही हळू आवाजात. म्हणून हा खटाटोप.

पण आधी या मुलखाकडे थोडे मागे वळून पाहू. जुन्नर हे निजामशाहीचे पहिले ठाणे. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी सत्तेपासून फारकत घेतली ती इथूनच. या मलिक अहमदचे घराणे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळातले, असे इतिहासकार सांगतात. पुढे त्याने १४९४ मध्ये आपल्या नावाचे शहर वसवले, ते अहमदनगर. (२०२४ मध्ये त्या शहराचे अहिल्यानगर झाले. जुनी शिवसेना ‘अंबिकानगर’ म्हणत असे, भाजपवाले ‘अहिल्यानगर’ म्हणू लागले. म्हणजे नाव पुसण्यावर दोघांचे एकमत, नवीन काय लिहायचे यावर नाही.) सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने काही काळ राजधानी पुन्हा जुन्नरला आणली. शहाजीराजांचे वडील मालोजी भोसले याच निजामशाहीचे सरदार, आणि शाह शरीफ या नगरच्या पीराच्या नावावरून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. शिवनेरी हा निजामशाहीचा किल्ला. त्याच किल्ल्यावर, कमानी मशिदीपासून थोड्याच अंतरावर, शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जुन्नरच्या कागदी लोकांनी केलेला जुन्नरी कागद पेशव्यांच्या दप्तरात पोहोचला. एवढी गुंतागुंत ज्या मातीत आहे, तिथे ‘आपले’ आणि ‘परके’ अशी सरळ रेघ ओढणे सोपे नाही. तरीही ती ओढली गेली, आणि ती ओढणारे हातच पुढे एकमेकांत अडकले.

कुरआनात ‘मुनाफिक’ हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्याला ‘ढोंगी’ म्हणतात, पण तो अर्थ पुरा पडत नाही. हदीसमध्ये मुनाफिकाच्या खुणा सांगितल्या आहेत त्या अशा की, बोलला तर खोटे बोलतो, वचन दिले तर मोडतो, अमानत सोपवली तर खयानत करतो. इथे श्रद्धा कोणती हा प्रश्न नाही, वागणे कसे हा आहे. त्यामुळे ही कसोटी कोणत्याही धर्माच्या माणसाला लावता येते, आणि आम्ही ती आमच्या माणसांनाही लावणार आहोत.

शिवसेनेची जुनी कागदपत्रे चाळली तर गंमत वाटते. १९७३ मध्ये सुधीर जोशी मुंबईचे महापौर झाले, तेव्हा मुस्लिम लीगचा पाठिंबा त्यांच्या मागे होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाळासाहेब ठाकरे आणि लीगचे गुलाम महमूद बनातवाला एकाच व्यासपीठावर आले. १९७५ च्या आणीबाणीला सेनेने पाठिंबा दिला. १९८० च्या विधानसभा निवडणुकीत स्वतः न लढता काँग्रेसला मदत केली, आणि त्या निवडणुकीनंतर बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राला मिळालेला तो एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव दिले तेही त्यांनीच. मग १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक आली. सेनेचे डॉ. रमेश प्रभू हिंदुत्वाच्या घोषणेवर उभे होते, आणि त्यांच्या विरोधात जनता पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा कोणाचा, तर भारतीय जनता पक्षाचा! प्रभू जिंकले. धर्माच्या नावावर मते मागितली म्हणून न्यायालयाने पुढे ती निवडणूक रद्द ठरवली, ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. पण भाजपने त्या निकालातून वेगळाच धडा घेतला होता. १९८९ मध्ये युती झाली. ज्या घोषणेच्या विरोधात दोन वर्षांपूर्वी उभे होते, तिच्याच छताखाली हे पंचवीस वर्षे नांदले. हे सगळे आम्ही अशासाठी सांगत आहोत, की ‘विचारधारा’ हा शब्द भाषणात आला की वाचकाने घड्याळ नव्हे, कॅलेंडर पाहावे.

आता जुन्नर. इथे शिवसेना रुजली ती नव्वदच्या दशकात. त्याआधी आणि नंतरही वल्लभ बेनके यांचा दबदबा. चार वेळा ते आमदार झाले. २०१४ मध्ये सेना-भाजपची युती तुटली आणि तालुक्यात हिंदुत्वाच्या घरात तीन-तीन चुली पेटल्या. निवडून कोण आले, तर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शरद सोनवणे. साऱ्या राज्यात मनसेचा तो एकुलता एक आमदार. पराभूत झालेल्या आशाताई बुचके शिवसेनेच्या. जिल्हा परिषदेत वर्षानुवर्षे काम केलेली, गावोगावच्या बायकांना नावाने ओळखणारी बाई. पुढची पाच वर्षे तालुक्यातल्या शिवसैनिकांनी सोनवण्यांच्या विरोधात घसा कोरडा केला. आणि २०१९ च्या मार्चमध्ये सोनवणे शिवसेनेत आले!

ज्यांच्याशी भांडायला शिकवले, त्यांच्याच सतरंज्या उचलायच्या, हे बुचके यांना मान्य झाले नाही. पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. त्या अपक्ष उभ्या राहिल्या. निकाल असा लागला : राष्ट्रवादीचे अतुल बेनके सुमारे ७५ हजार, सेनेचे सोनवणे ६६ हजारांच्या आसपास, बुचके ५० हजार. बेरीज शाळेतले मूलही करील. दोन भगव्यांची मते एकत्र केली तर एक लाख सोळा हजारांच्या आसपास जातात, आणि आमदार झाला तिसराच. त्या वर्षी पुण्या-मुंबईच्या सभांतून ‘हिंदू एकजुटी’ची भाषा चालू होती, शिवरायांच्या जन्मगावच्या तालुक्यात ती एकजूट एका तिकिटावरून फाटली.

२०२१ मध्ये बुचके भाजपमध्ये गेल्या. २०२२ मध्ये शिवसेनाच दुभंगली. २०२३ मध्ये राष्ट्रवादीही दुभंगली, आणि अतुल बेनके काही काळ तटस्थ राहून अखेर अजित पवारांच्या बाजूला गेले. म्हणजे ज्या बेनक्यांना पाडण्यासाठी बुचके आणि सोनवणे दोघेही झटले होते, ते बेनके आता महायुतीचेच, आणि दोघांनाही त्यांचा प्रचार करणे भाग! ऑगस्ट २०२४ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार जनसन्मान यात्रा घेऊन नारायणगावात आले, तेव्हा त्यांना काळे झेंडे दाखवणारे विरोधक नव्हते. बुचके यांच्या नेतृत्वाखालचे भाजपचेच कार्यकर्ते होते. तक्रार काय, तर सरकारी बैठकीत मित्रपक्षाला विचारले नाही. धर्म नाही, शेती नाही, पाणी नाही. मान दिला नाही, एवढेच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला महायुतीचे अधिकृत उमेदवार अतुल बेनके. शिंदे यांच्या शिवसेनेत गेलेले सोनवणे अपक्ष उभे. भाजपच्या बुचके अपक्ष उभ्या. समोर शरद पवार गटाकडून विघ्नहर साखर कारखान्याचे सत्यशील शेरकर. त्याच दिवसांत योगी आदित्यनाथ महाराष्ट्रात येऊन ‘बटेंगे तो कटेंगे’ सांगत होते. महायुतीतलेच अजित पवार ‘हे महाराष्ट्रात चालणार नाही’ म्हणत होते. आणि जुन्नरमध्ये महायुतीचे तीन तुकडे आधीच होऊन बसले होते. सोनवणे साडेसहा हजारांच्या आसपास मताधिक्याने जिंकले, अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला, बुचके यांच्या पदरी दहा हजार मतेही पडली नाहीत. निवडून येताच सोनवणे यांनी शिंदे गटाला पाठिंबा दिला. बंडखोरीची शिक्षा म्हणाल तर विजयी माणसाला ती कधीच होत नसते. पाच वर्षांपूर्वीचे ५० हजार मतदार बुचके यांना सोडून का गेले, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. झेंडा बदलताना नेत्याला वाटते माणसे आपल्यामागे येतील. सगळी येत नाहीत.

शेजारच्या आंबेगावची आणि शिरूर लोकसभेची कथा याहून रंगतदार आहे. शिवाजीराव आढळराव पाटील राष्ट्रवादी सोडून शिवसेनेत आले, आणि २००४, २००९, २०१४ असे तीनदा खासदार झाले. प्रत्येक वेळी समोर ‘घड्याळ’. त्याच काळात नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे दूरचित्रवाणीवर शिवाजी महाराज आणि पुढे संभाजी महाराज साकारून घराघरात पोहोचले होते, आणि ते शिवसेनेचे उपनेते होते. २०१९ च्या मार्चमध्ये कोल्हे राष्ट्रवादीत गेले, घड्याळावर उभे राहिले आणि आढळरावांना हरवले. जुलै २०२२ मध्ये शिंदे यांचे अभिनंदन केले म्हणून आढळरावांची हकालपट्टी झाल्याची बातमी ‘सामना’त छापून आली, लगेच तिचा इन्कार झाला, आणि थोड्याच दिवसांत ते शिंदे यांच्याकडे गेलेही. मार्च २०२४ मध्ये जागावाटपात शिरूर अजित पवारांकडे गेले, तेव्हा आढळरावांनी घड्याळ हातात बांधले. वीस वर्षे ज्या चिन्हाविरुद्ध मते मागितली, त्याच चिन्हावर! समोर कोल्हे, ‘तुतारी फुंकणारा माणूस’ घेऊन. कोल्हे सुमारे एक लाख चाळीस हजारांनी जिंकले. ज्या म्हाताऱ्या शिवसैनिकाने आयुष्यभर धनुष्यबाणावर शिक्का मारला, त्याने त्या दिवशी यंत्रासमोर उभे राहून काय केले असेल? आम्हा शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला जावे लागते. यंत्राकडे पाहून क्षणभर गोंधळलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांची गणती कोणत्याही निकालपत्रात येत नाही.

शिवनेरीवरचा वादही याच जातीचा. महाराजांच्या जन्माची वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी पूर्वी प्रचलित होती. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. सरकारने २००१ मध्ये ती तारीख मान्य केली. शिवसेना मात्र तिथीनेच जयंती करणार म्हणून अडून बसली, कारण तारीख म्हणजे इंग्रजी पंचांग. मग १९ फेब्रुवारी २०२० रोजी मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे शिवनेरीवर हजर झाले, तारखेनेच. पद आले की पंचांग बदलते. यात महाराजांचा काय संबंध, हे महाराजच जाणोत.

या सगळ्यात आमच्या माणसाची जागा कुठे? नारायणगावचे साबीर शेख हे नाव आज किती वाचकांना आठवते? जुन्नर तालुक्यातल्या या मुसलमानाने अंबरनाथच्या आयुध कारखान्यात नोकरी केली, शिवसेनेत आला, १९९०, १९९५ आणि १९९९ असा तीनदा अंबरनाथचा आमदार झाला, मनोहर जोशी यांच्या मंत्रिमंडळात कामगार मंत्री झाला. शिवचरित्र तोंडपाठ, संतसाहित्याचा व्यासंग, गडकोटांचे वेड. बाळासाहेबांनी त्यांना ‘शिवभक्त’ म्हटले. शिवसेना मुसलमानांच्या विरोधात आहे असे कोणी म्हणाले, की व्यासपीठावरून साबीरभाईंकडे बोट दाखवले जाई. आमच्या मोहल्ल्यांतून त्यांना काय म्हटले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. १९९२-९३ ची दंगल, श्रीकृष्ण आयोग, आणि त्या आयोगाचा अहवाल फेटाळणारे सरकार. त्या सरकारात ते मंत्री होते, हे विसरता येत नाही, विसरूही नये. पण शेवटच्या आजारपणात पक्षाला त्यांची आठवण किती राहिली, हेही विचारले पाहिजे. ऑक्टोबर २०१४ मध्ये, ज्या आठवड्यात त्यांच्या जन्मतालुक्यात हिंदुत्वाचे तीन तुकडे मते मागत होते, त्याच आठवड्यात साबीरभाईंचे निधन झाले. त्यांना आमचे लोक मुनाफिक म्हणत. आम्हाला तसे वाटत नाही. ते जे बोलत तेच मानत होते. वचन मोडले ते त्यांनी नाही.

आणि आता तीच कसोटी आमच्याकडे. ईदच्या आधी इफ्तार पार्टीत टोपी घालून बसलेल्या प्रत्येक उमेदवाराला शाल देणारे आमचे पुढारी कोण आहेत? आदल्या वर्षी एकाच्या शेजारी फोटो, पुढच्या वर्षी त्याच्या वैऱ्याच्या शेजारी. मधल्या काळात कब्रस्तानची भिंत तेवढीच पडकी. २०२४ च्या लोकसभेत राज्यातल्या मुसलमानांनी मोठ्या संख्येने उद्धव ठाकरे यांच्या मशालीला मते दिली. तीस वर्षांपूर्वीच्या जखमा ज्यांच्या अंगावर आहेत, त्यांनीही दिली. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. संविधानाची भीती वाटली, हाताशी जे होते ते घेतले. पण त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्या पक्षाच्या एका आमदाराने बाबरी मशीद पाडणाऱ्यांचे कौतुक करणारा मजकूर टाकला, आणि समाजवादी पक्षाचे अबू आझमी आघाडीतून बाहेर पडले. आमच्यातले जे उमेदवाराच्या गाडीत बसून मते मागत फिरले होते, त्यांच्यापैकी कितींनी त्या दिवशी तोंड उघडले? हा हिशेब जमातीने मागायला हवा होता. मागितला नाही.

बेल्ह्याच्या बैलाकडे परत येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. या भागात बैलगाडा शर्यतीचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. त्यानंतर श्रेयासाठी जी झोंबाझोंबी झाली ती बैलांनीही पाहिली नसेल. आढळराव म्हणाले आम्ही, भोसरीचे भाजप आमदार महेश लांडगे म्हणाले आम्ही. कोल्ह्यांनी निमगाव दावडीच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडी पळवून दाखवली. ठीक आहे. शर्यत सुरू झाली, शेतकऱ्याला आनंद झाला, आम्हालाही झाला. पण शर्यतीचा बैल हजारात एक. उरलेल्या बैलांचे काय?

१९९५ मध्ये युती सरकारने गोवंश हत्याबंदीचे विधेयक आणले, त्यात गाईबरोबर बैल आणि वळूही आले. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१५ उजाडले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. ज्यांनी हा कायदा केला त्यांचेच मनोहर पर्रीकर २०१७ मध्ये गोव्याच्या विधानसभेत सांगत होते की, गोमांसाचा तुटवडा पडू देणार नाही, कमी पडले तर कर्नाटकातून आणू. मांडवीच्या तीरावर जे अन्न, ते घोड नदीच्या तीरावर पाप! आम्ही गाय कापावी असे म्हणत नाही. बहुसंख्यांच्या भावनेचा मान ठेवा असे कितीतरी उलमांनी पूर्वीच सांगितले आहे. आमचा मुद्दा बैलाच्या अर्थशास्त्राचा. म्हातारा बैल विकून त्या पैशात भर घालून शेतकरी नवा बैल घेई. हा दोर तुटला. म्हातारा बैल आता दिवसाला पेंढी खातो आणि विकत कोणी घेत नाही. बाजारातून घरी पोसायला नेलेल्या बैलाची गाडीही रस्त्यात अडवली जाऊ लागली. पावती दाखवली तरी मार, आणि पुष्कळदा पैशाची मागणी.

जुलै २०२५ मध्ये राज्यभरातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्री बंद केली. बाजार ओस पडले. आठवडा गेला, दोन आठवडे गेले, आणि ओरड सुरू झाली ती मोहल्ल्यातून नव्हे, शेतकऱ्यांच्या वस्तीवरून. म्हशी, रेडे, भाकड जनावरे विकायची कोणाला? तेव्हा महायुतीतलेच आमदार सदाभाऊ खोत गोरक्षकांच्या नावाने खंडणी चालते असे उघड बोलले, कायद्यात बदल मागू लागले. फुरसुंगीत गोरक्षकांनी त्यांनाच घेरले. अजित पवारांनी कुरेशी प्रतिनिधींची बैठक घेऊन, वाहने अडवण्याचा अधिकार खासगी माणसांना नाही, अशी भूमिका घेतली. त्याच सरकारातले दुसरे लोक गोरक्षकांच्या पाठीवर हात ठेवत होते. जुन्नरचे आमदार त्या वर्षी डिसेंबरात बिबट्याचा वेष घालून नागपूरच्या विधान भवनात गेले. बिबट्या हा या तालुक्याच्या जिवावरचा प्रश्न आहे, त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. बैलाचा वेष घालून मात्र कोणीही गेले नाही.

त्या दोन महिन्यांत कुरेशींच्या दारात येऊन ‘बंद मागे घ्या’ म्हणणाऱ्यांत वारकरी होते, माळकरी होते, सेनेचे होते, भाजपचेही होते. त्यांच्या गोठ्यात उभा असलेला बैल त्यांना आपल्या पक्षाचे मत विचारत नव्हता, वैरण मागत होता.